रिकाम्या वर्गाचं परराष्ट्र धोरण

आमचे सर जेवले की नाही, हे जगात कुणालाही कधी कळलं नाही. "सर, जेवलात का?" असं विचारलं की ते आधी दाराकडे बघायचे, मग खिडकीकडे, आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "तूर्तास त्यावर काही बोलता येणार नाही." डब्याचं झाकण अर्धंच उघडायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर वर्तमानपत्र धरायचं, ही त्यांची जेवायची पद्धत. आत मेथीची भाजी आहे हे अख्ख्या स्टाफरूमला वासावरून कळलेलं असे. पण म्हातारपणी माणसाचा हिरमोड कशाला करा, म्हणून आम्ही गप्प बसायचो.

ही गोष्ट सुरतेतली, लिंबायतमधली. नव्वदच्या दशकात तिथे आमची मराठी माध्यमाची शाळा होती. मागच्या गल्ल्यांत यंत्रमाग चालायचे आणि त्यांच्या खटखटीवर आमची पोरं पाढे म्हणायची. वीज गेली की माग थांबायचे आणि पाढेही कुठल्या कुठे जायचे. सर सातवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. मी सगळ्यांत नवी, म्हणून पहिलीचा वर्ग माझ्या गळ्यात. लग्न होऊन नाशिकहून आलेली, गुजराती धड येत नाही, हिंदी त्याहून वाईट. मला त्या शाळेत सगळ्यांत आधी ज्यांनी "बाई, बसा" म्हटलं ते हे सर. बसल्यावर मात्र लगेच म्हणाले, "तिथे नको. त्या खुर्चीची पाठ दाराकडे आहे."

मास्तरकी करण्याआधी ते दिल्लीला एका ऑफिसात होते. "कुठल्या ऑफिसात?" असं विचारलं की म्हणायचे, "एका." पुढे चिकाटीनं थोडंथोडं काढून घेतलं तेव्हा एवढं कळलं, की शेजारच्या एका छोट्या देशाची वर्तमानपत्रं वाचायची, त्यांचा रेडिओ ऐकायचा आणि त्यावरून तो देश आपल्याशी कसा वागणार आहे याचा रोज एक कागद वर पाठवायचा, असं त्यांचं काम होतं. तो देश आपला मित्र होता. हे ऐकून मी भाबडेपणानं विचारलं होतं, "मित्रावर कशाला हो नजर ठेवायची?"

सरांनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं, की मला पदर नीट करावासा वाटला.

"बाई, शत्रूचं एक बरं असतं. तो काय करणार ते ठरलेलं असतं. झोप उडवतो तो मित्र. आज आपल्याकडे जेवतो, उद्या पलीकडे जेवेल का? परराष्ट्र धोरण म्हणजे दुसरं काय असतं? मित्राला मिठी मारताना त्याचे खिसे चाचपणं."

सातवीच्या पोरांनाही ते हेच शिकवायचे, फक्त जरा सोपं करून. "शेजारच्याशी मैत्री ठेव, पण डबा आपल्या मांडीवर ठेव." अलिप्ततावाद म्हणजे काय, या प्रश्नाला एका पोरानं परीक्षेत हेच उत्तर लिहिलं आणि सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. हेडसरांनी कपाळाला हात लावला.

दिल्लीची एक गोष्ट मात्र ते खुशीत असले की स्वतःहून सांगायचे. त्या छोट्या देशाच्या रेडिओवर रोज संध्याकाळी आपली हिंदी गाणी लागायची. एका आठवड्यात ती अचानक बंद झाली. सरांनी कागदावर लिहिलं, गाणी बंद आहेत, कारण अज्ञात. साहेबांनी ते शेवटचे दोन शब्द काढून टाकले. वरच्या साहेबांनी त्यात आपले चार घातले. कागद जिन्यानं जसजसा वर गेला तसतसा फुगत गेला, आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावर असं ठरलं की मित्रदेश फिरला. एक मोठा दौरा रद्द झाला, तिकडचे लोक रुसले, इकडचे त्याहून रुसले. पुढे सहा महिन्यांनी कळलं, त्यांच्या रेडिओ स्टेशनात रेकॉर्ड वाजवायची सुई मोडली होती आणि नवी आणायला माणूस गावाला गेला होता.

"दोन शब्द हो बाई!" सर मांडीवर थाप मारून म्हणायचे. "दोन शब्द खोडले आणि दोन देश बोलेनासे झाले. बातमी खोटी नव्हती. बातमी सोळा आणे खरी होती. कारण विचारायचं कुणाला सुचलं नाही."

आम्ही पोट धरून हसायचो. सर सगळ्यांत जास्त.

तर अशा माणसाला आमच्या नशिबानं एक मित्रदेशही मिळाला होता. आमची शाळा सकाळची. दुपारी त्याच इमारतीत, त्याच ट्रस्टची गुजराती माध्यमाची शाळा भरायची. बाकं तीच, फळे तेच, पाण्याचं मडकंही तेच. आम्ही ते भरायचो, ते लोक संपवायचे. खडूवरून कधी कुरबुर, झाडूवरून कधी धुसफुस, एरवी जिन्यात भेटलो की "केम छो, मजामां?" आणि संपलं. त्यांच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोटाबेन म्हणायचे. अंगानं भरलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हसल्या की तो जुडगाही वाजायचा.

त्यांनी एकदा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, आमच्यासाठी घारी पाठवल्या, म्हणजे सुरतेची ती तुपात बुडवलेली मिठाई. त्या दिवशी अख्खं सुरत घारी खातं, त्यात काय विशेष? पण सर डब्यावर ओणवे झाले. "घारी आठ आहेत. आपण सात. आठवी कुणासाठी?"

"शिपाईकाकांसाठी असेल हो," मी म्हटलं.

"हा झाला एक अंदाज," सर म्हणाले, आणि बराच विचार करून आठवी त्यांनीच खाल्ली. पुराव्याची विल्हेवाट, म्हणे.

शिपाईकाका दोन्ही शाळांना मिळून एकच होते. सर त्यांना चहा पाजून दुपारची हालहवाल काढून घ्यायचे. काका भले गृहस्थ, समोरच्याला आवडेल तेच बोलायचे. "मोटाबेन जरा चिंतेत दिसतात का?" तर "हो साहेब, बहु चिंतेत." "की खुशीत?" तर "खुश पण खरी." सर दोन्ही लक्षात ठेवत आणि म्हणत, "गुंतागुंतीची परिस्थिती आहे."

पण सरांचा खरा भरवसा फळ्यावर. शाळेत प्रत्येक फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वर्गाचा पट आणि त्या दिवशीची हजेरी लिहिलेली असते, हे शाळेत गेलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारच्या शाळेनं संध्याकाळी लिहिलेले आकडे सकाळपर्यंत तसेच असायचे. सर सगळ्यांच्या आधी येऊन, हात पाठीमागे बांधून, एकेका वर्गात जाऊन ते आकडे वाचायचे. मग बाकं सरकलीत का ते बघायचे. एकदा मी त्यांना डस्टर हुंगताना पकडलं. "कोरडा आहे," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. काय कळलं त्यावरून, देव जाणे.

हे सगळं मजेमजेत चाललं होतं. मग त्या वर्षी हिवाळ्यात हेडसरांनी मला खोलीत बोलावलं. पहिलीत मुलं कमी झाली होती. आमच्या वस्तीतले खानदेशी आईबापसुद्धा आता पोरांना गुजरातीत घालू लागले होते, शेजारच्यांनी घातलं म्हणून यांनीही घातलं. हेडसर म्हणाले, जूनमध्ये पहिली भरली नाही तर ट्रस्ट तो वर्ग बंद करणार आणि मी फाजल होणार. गुजरातेत जास्तीच्या शिक्षकाला फाजल म्हणतात.  नवरा कामाला होता ती पांडेसऱ्याची मिल तेव्हा दोन दिवस चालू, चार दिवस बंद अशी होती. घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी स्टाफरूममध्ये येऊन डोळ्यांना पदर लावला आणि सरांनी डबा मिटला. पूर्ण मिटला. मग म्हणाले, "बाई, रडू नका. हे प्रकरण आता माझ्याकडे."

मला बरं वाटलं हो! खोटं कशाला सांगू?

दोनच आठवड्यांत सरांचा निष्कर्ष तयार झाला. मोटाबेनच्या पहिलीची हजेरी घसरत चालली होती. फळ्यावर रोज आकडा कमी. "म्हणजे त्यांनाही मुलं कमी पडताहेत," सर कुजबुजले. "आता त्या कुठे बघणार? आपल्याकडे. आपण कमकुवत दिसलो की उरलीसुरली पोरंही ओढून नेतील. कमकुवत मित्राला कुणी मदत करत नाही बाई, त्याची वाटणी करतात."

"मग करायचं काय?"

"दिसू द्यायचं नाही."

आणि त्यांनी फर्मान काढलं. शाळा सुटताना प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर, कोपऱ्यात, भरगच्च आकडे लिहून जायचे. वर्गात वीस पोरं असली तर पन्नास लिहा. बाकं अशी लावायची की एकेका बाकावर चौघं बसतात असं वाटावं. हेडसर नको नको म्हणत होते, पण सरांनी त्यांना असं काही दिल्लीचं सांगितलं, की तेही खडू घेऊन उठले. मी माझ्या रिकाम्या वर्गात रोज दुपारी बाकं ओढायची आणि फळ्यावर न जन्मलेली पोरं मांडायची. हसूही यायचं. सरांच्या घरी एकदा हळदीकुंकवाला गेले तेव्हा त्यांच्या बायकोला हे सगळं सांगितलं. त्या वाती वळता वळता म्हणाल्या, "अगं, हा माणूस आज भाजी कुठली हे मला विचारत नाही. मिक्सरच्या आवाजावरून ओळखतो. आणि दर वेळी चुकतो."

उन्हाळ्याच्या तोंडाला बातमी आली. मोटाबेननी आपल्या पहिलीतली बरीच खानदेशी पोरं काढून पार भेस्तानच्या मराठी शाळेत पाठवली. आमच्याकडे नाही, भेस्तानला! आमच्या डोक्यावरून! सर विजयी वीरासारखे स्टाफरूममध्ये आले. "बघा. सांगत नव्हतो? ही आहे मित्राची दानत. पोरं भेस्तानला देतील, पण आपल्याला नाही देणार."

मला मात्र राग आला. मोटाबेनचा आला, सरांचा आला, त्या फळ्याचासुद्धा आला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही. जिन्यात उभी राहिले आणि मोटाबेन चढून येताच माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सरळ विचारलं, आमच्या शाळेनं तुमचं काय घोडं मारलं होतं?

त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, गुजराती, हिंदी, मराठी, सगळं एकत्र करून, "बेन, ती पोरं माझ्याकडे रडायची. घरी अहिराणी, इथे गुजराती, बिचाऱ्यांना काही समजतच नव्हतं. रोज एकेक यायचं बंद व्हायचं. मने लाग्युं, मराठीत जातील तर शिकतील. पण तमारे त्यां जगा क्यां छे? मी रोज येऊन तुमचा बोर्ड वाचते. एका बाकडावर चार चार बसतात! मी म्हटलं, ह्या नवीन बेन आधीच मरतात, त्यांना अजून किती त्रास द्यायचा? म्हणून भेस्तानला बोलली."

मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना सांगितलं. सर नेहमीसारखे शांतपणे ऐकत होते. पण "मी रोज तुमचा बोर्ड वाचते" या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं.

"वाचतात? रोज?"

"हो. रोज."

सरांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत तसा कधी बघितला नव्हता. "विश्वास ठेवला त्यांनी? बाकांवरसुद्धा? कणभरही शंका आली नाही?" अहो, उठून उभे राहिले ते. दिल्लीत कुणी केलं नसेल असं काम त्यांनी लिंबायतमध्ये खडूच्या तुकड्यानं करून दाखवलं होतं. स्टाफरूमभर एक फेरी मारली, हात चोळले, खिडकीशी गेले. खिडकीतून माझा वर्ग दिसायचा. तिथे ते थांबले.  परत वळले तेव्हा चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं होतं.

"म्हणजे ती मुलं आपल्याकडेच येणार होती."

मी मान हलवली. 

"त्यांच्या फळ्यावरचा आकडा मी बरोबर वाचला," सर म्हणाले. "का कमी झाला, ते..." सर खुर्चीवर बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमची नोकरी मी खाल्ली हो."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला नाही. त्या क्षणी मला तो माणूस इतका आपला वाटला, की मीच म्हटलं, "चला. मोटाबेनकडे जाऊ."

सर त्या दुपारी प्रथमच दुपारच्या शाळेत शिरले. मोटाबेननी खुर्ची दिली, तिची पाठ दाराकडे होती, तरी मुकाट बसले. आधी हवापाण्याचं बोलले. मग मडक्याचं. मग खडू हल्ली ठिसूळ येतात असं म्हणाले. मी चपलेनं त्यांचा बूट दाबला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. "आमचा बोर्ड खोटा आहे," ते म्हणाले. "मी लिहायला लावला. वर्गात मुलं नाहीत."

मोटाबेननी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मला वाटलं आता हसतील, किल्ल्या वाजतील. हसल्या नाहीत. रागावल्या. चांगल्याच. "भाई, तमे मने पूछ्युं केम नहि? रोज तर जिन्यात भेटतो! एक वार पूछ्युं होत तो?"

 दिल्लीपासून लिंबायतपर्यंतच्या सगळ्या नोकरीत सरांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मान खाली घालून म्हणाले, "सवय नाही."

"तो आता सवय पाडो," मोटाबेन म्हणाल्या आणि उठल्या. "चालो, रिक्शा."

वर्गावर दुसऱ्या बेनना बसवून त्या आमच्याबरोबर निघाल्या. एका रिक्षात तिघं, त्यात मोटाबेन, म्हणजे सर जवळजवळ बाहेरच. लिंबायतच्या दुसऱ्या टोकाला, कामगारांच्या वस्तीत ती बहुतेक पोरं राहायची. गेलो तर कळलं, भेस्तानला फारसं कुणी गेलंच नव्हतं. लांब पडतं, मध्ये मोठा रस्ता, सोडायला कुणाला वेळ आहे? पोरं घरीच होती. कुणी बॉबिनी उचलत होतं, कुणी धाकट्याला कडेवर घेऊन फिरत होतं. ते बघून मला स्वतःची नोकरी विसरायला झालं. आम्ही फळ्यावर खोटे आकडे मांडत होतो आणि इथे खरी पोरं दारात बसली होती.

पहिल्याच घरी एक बाई साडीचे धागे कापत बसली होती. शेजारी तिची मुलगी, सहा-सात वर्षांची. मोटाबेनला ओळखून तिनं पाट पुढे केला. आम्ही मराठी शाळेतले म्हटल्यावर माझ्याकडे आणि सरांकडे नवलानं बघितलं. "तुमना आठे ते जागाच नही ना? आमले तसंच सांगं."

मोटाबेननी सरांकडे बघितलं. मीही बघितलं. सरांनी घसा खाकरला. "इकडे पाणी कधी येतं हो?" त्यांनी विचारलं.

"भाई!" मोटाबेन ओरडल्या.

 मग सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. आजूबाजूला माग धडधडत होते, त्यामुळे आवाज खाली आणून काही बोलायची सोयच नव्हती. जे काही सांगायचं ते मोठ्यानंच सांगावं लागणार होतं.

"ताई, आमचा वर्ग रिकामा आहे!" सर ओरडून म्हणाले. "जागा नाही ते मी खोटं लिहिलं होतं. मला भीती वाटली म्हणून. पोरं आली नाहीत तर या बाईंचा वर्ग बंद होईल. आम्हाला तुमची पोरगी पाहिजे हो. देता का?"

एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.  मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्या बाईनं मग कात्री खाली ठेवली. "आसं व्हतं ते आधीच सांगतात ना, मास्तर," ती म्हणाली. उठली, पोरीला हाताला धरून दारात आली आणि त्या खटखटीच्या वर आवाज काढून तिनं गल्लीच्या त्या टोकापर्यंत पोरं घेऊन यायची हाळी दिली, "ओ माय! ओ वैनी! त्या मास्तरनी साळा रिकामी शे! पोरे लई या!"

सर दचकले. मला वाटलं हा माणूस आता खाली बसणार. पण ते तसेच उभे राहिले, टोपी हातात धरून, आणि आमची सगळी गुप्त माहिती गल्लीभर जाताना ऐकत राहिले. एक बाई डोकावली. मग समोरची. कुणी ओल्या हातानं आली, कुणी पोराचं नाक पुसत आली. त्या एका हाळीवर मी निवृत्त होईपर्यंत पहिलीला शिकवलं.